तासगावच्या काड्या

माझा मामा हंबीरराव द्राक्षाच्या औषधाला औषध म्हणू द्यायचा नाही. ‘इख म्हणा, इख,’ म्हणजे विष म्हणा, असं पाहुण्यालाही दरडावायचा. लष्करातून सुटून आला, पण परेड काही सुटली नव्हती. मला त्याचा हेका पटायचा. एक्क्याण्णव साली त्याचा धाकटा भाऊ जयराज लोणंदच्या बागेत फवारणी करताना कोसळला आणि संध्याकाळपर्यंत गेला. त्या दिवसापासून मामाने दोन्ही बागांत औषधाचा थेंब पडू दिला नाही. एक बाग त्याची, तासगावची. दुसरी लोणंदची, जयराजची बायको प्रियदर्शनी हिची. तिला त्या बागेशिवाय आधार नव्हता. ‘तुजी बाग मी जगवतो, पर इखाबिगर,’ हा मामाचा शब्द, आणि ती त्यावर विसंबून होती.

शेण, गोमूत्र, निंबोळी, आंबट ताक. तासगावकर हसायचे. ‘सुभेदार, येलींस्नी ताक पाजता, मग भाकरी बी चारा की!’ पण पाच वर्षं दोन्ही बागा टिकल्या, आणि यश आलं की माणूस जरा हवेत चालतो.

‘बागंचं बागंला’ हा त्याचा नियम. छाटलेल्या काड्या जाळायच्या नाहीत, बारीक करून वेलींच्या बुडाशी पसरायच्या. शहाण्णवच्या एप्रिलात तासगावला काड्या उदंड झाल्या. चार पोती एसटीच्या टपावर टाकून तो लोणंदला निघाला. काही काड्यांवर काळे, खोलगट डाग होते. मी दाखवले.

‘रोग आसला तरी उनानं मरतोय त्यो,’ तो म्हणाला. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

ऑक्टोबरची छाटणी झाली, कोवळी फूट आली आणि नोव्हेंबरात आभाळ उतरलं. चार दिवस ऊन नाही, नुसती भुरभुर. पाचव्या दिवशी प्रियदर्शनीचा फोन आला, ‘दादा, शेंडं काळं पडाय लागल्यात.’

आम्ही पोचलो. करपा होता, काड्यांवरच्या त्या काळ्या डागांचाच रोग. तोही पहिल्या चार ओळींत, जिथं तासगावच्या काड्या पसरल्या होत्या. पाचवी ओळ हिरवीगार. मामा त्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

दोन दिवस ताक मारलं, निंबोळी मारली. तिसऱ्या सकाळी सातव्या ओळीत डाग दिसले आणि आभाळ तसंच काळं होतं. मामा बांधावर खाली बसला.

‘पोरी, ह्यो करपा म्याच आणला. माज्या पोत्यांतनं.’

प्रियदर्शनीने मान वर केली नाही. ‘ठावं हाय. तुमी आलासा त्याच दिशी वळी मोजल्या मी.’

‘मग बोलली का न्हाईस?’

‘तुमी कवा सांगताय, त्येची वाट बघत हुते.’ ती उठली. झोपडीतून फवारणीचा पंप आणि औषधाचा डबा घेऊन आली. आदल्याच दिवशी आणून ठेवला होता. ‘ही बाग गेली तर मी कुटं जाऊ, दादा? आता मी मारते.’

मामाने पंप तिच्या हातून काढून घेतला. औषध कालवलं, पट्टे खांद्यावर चढवले. इतका म्हातारा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

‘आवं, तोंडाला फडकं तरी बांदा!’ ती पदराचा तुकडा फाडून पुढं धावली.

‘ऱ्हाऊ दे.’

वारा समोरून होता, मारलेलं औषध उलट तोंडावरच येणार होतं. मामा त्या वाऱ्यातच पहिल्या ओळीत शिरला. आम्ही दोघं बांधावरून ओरडत होतो आणि तो वळून बघत नव्हता.