पाकळ्या पडल्या की मशीन बंद

बोरीत बबिताला फार थोडे लोक ओळखतात, पण बबिता निम्म्या जिंतूर तालुक्याला ओळखते. तिचा नवरा बबलू लग्नांची शूटिंग करतो. त्यानं आणलेलं शूटिंग कापून, जोडून, गाणी लावून त्याची फिल्म करायचं काम बबिताचं. त्याला इकडं सगळे मिक्सिंग म्हणतात. त्यामुळं बाजारात भाजी घेताना समोरचा माणूस कुणाचा मामा आहे, तो पंगतीला कितीदा बसला आणि पाठवणीच्या वेळी कॅमेरा दुसरीकडं वळल्यावर त्याचं रडू कसं थांबलं, हे तिला ठाऊक असतं. ती काही बोलत नाही. कोथिंबीर घेते आणि निघते.

ती लग्न होऊन आली तेव्हा बबलू मिक्सिंग बाहेर द्यायचा. ज्याला द्यायचा त्यानं एकदा बोरीच्या नवरीला मानवतच्या, दुसऱ्याच लग्नातल्या नवऱ्याशेजारी उभं केलं. दोन्हीकडची मंडळी एकाच दिवशी घरी आली. ती चहा पिऊन गेली, पण बबितानं त्यानंतर फोनवर बघून बघून काम शिकून घेतलं. घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत जुना कॉम्प्युटर मांडला. खोलीला एकच खिडकी. खिडकीखाली सासऱ्यांचा, धोंडीबांचा, मेंढ्यांचा वाडा. घरात मेंढ्या आधी होत्या, कॉम्प्युटर नंतर आला, त्यामुळं जागेवरून वाद कधी झाला नाही.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. वालूरच्या दत्तरावांच्या मुलीचं, प्रियांकाचं, लग्न नुकतंच झालं होतं. जावई धोंडे खायला येणार, त्या दिवशी सगळ्यांसमोर लग्नाची फिल्म लावायची, असं दत्तरावांनी ठरवलं. ते बबलूला फोनवर म्हणाले, "जावयासाठी न्हाई रे. माझ्या मायीसाठी. लग्नाच्या वक्ताला ती परभणीला दवाखान्यात पडून होती. खुब्याचं हाड मोडलंतं. पोरीला तिनंच लहानाची मोठी केली, अन् तिलाच लग्न दिसलं न्हाई."

बबिता ऐकत होती. तिनं तेव्हाच मनात ठरवलं की ही फिल्म वेळेवर द्यायची. तेवढ्यात दत्तरावांनी पुढचं सांगितलं. वरमाला पडताना आभाळातून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या पाहिजेत. थोड्या नाही, लय पडल्या पाहिजेत. त्यांच्या साडूच्या फिल्ममध्ये पडल्या होत्या, त्यापेक्षा जास्त.

बबितानं पाकळ्या पाडल्या. मग तयार फिल्म कॉम्प्युटरमधून बाहेर काढायला लावली. अर्ध्याच्या पुढं, बरोबर वरमालेपाशी, मशीन बंद पडलं. स्क्रीन काळी, पंखा गप्प. तिनं परत चालू केलं, परत लावलं. वरमाला आली, पाकळ्या पडायला लागल्या आणि मशीन बंद.

बबलू म्हणाला, "व्हायरस हाय."

"व्हायरसला पाकळ्या कळत्यात व्हय?" बबिता म्हणाली.

एकेक पाकळी रंगवायची म्हणजे मशीनला सगळ्यात जड काम, एवढं तिला माहीत होतं. तिनं कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला आणि चटका बसताच काढून घेतला. बाहेर त्रेचाळीस होतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. तिनं डब्याचा एका बाजूचा पत्रा काढला आणि टेबलावरचा पंखा आत धरला. मशीन पाकळ्यांच्या आणखी थोडं पुढं गेलं आणि बंद झालं. बबलूनं घरातला मोठा कूलर ओढत आणला, टाकीत पाणी भरलं, तोंड डब्याकडं केलं. डब्यावर पाण्याचे बारीक थेंब दिसायला लागले तेव्हा बबितानंच कूलर बंद केला. सासूबाई, भागुबाई, दारातून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वरच्या कडेला लिंबू-मिरची बांधलेली होती. बबितानं ती काढली नाही. हवेच्या वाटेत येऊ नये म्हणून जरा बाजूला सरकवली.

शेवटी तिनं डबा चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि बबलूच्या मागं गाडीवर बसून परभणी गाठली. स्टेशनजवळ दिनकररावांचं दुरुस्तीचं दुकान. दिनकरराव डोक्यावर ओला पंचा ठेवून काम करत होते.

"सीपीयूला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तापून बंद पडायलाय."

"सीपीयू म्हंजे हा डबा न्हाई, बाई. सगळे डब्यालाच म्हणतेत. सीपीयू आत राहतोय, बिस्कुटाएवढा. त्याच्यावर तांबं न् ॲल्युमिनियमचं छप्पर, छपरावर पंखा. बिस्कुटातली गर्मी छपरात येती, पंखा ती बाहेर फेकतोय. आता बघू तुमचं काय नडायलंय."

त्यांनी स्क्रू काढले, पंखा उचलला आणि थांबले. पंख्याखाली, धातूच्या पातळ पात्यांवर, राखाडी रंगाची एक जाड गादी बसली होती. चिमट्यानं त्यांनी ती सोलली. ती अख्खी निघाली.

"ह्या दुकानात मी आजपत्तर झुरळं काढली, पाल काढली, सरकीचा कापूस काढला," दिनकरराव म्हणाले. "हे काय हाय?"

"लोकर," बबिता म्हणाली.

"कशाची?"

"मेंढ्यांची. खिडकीखालीच कातरत्यात."

दिनकररावांनी गादी उलटून पालटून पाहिली. मऊ होती. पंख्यानं ओढून ओढून, दाबून दाबून, मशीननं स्वतःसाठी घोंगडं विणलं होतं आणि मे महिन्यात पांघरलं होतं. बबलूनं तिचा फोटो काढला.

छपराखाली लावलेला लेपही वाळून खडूसारखा झाला होता. दिनकररावांनी तो पुसला आणि नव्या लेपाचा ठिपका ठेवला, तुरीच्या दाण्याएवढा.

"एवढाच?" बबलू म्हणाला. "जास्त लावा की."

"पोळीवर तूप लावायलोय का मी? हा फक्त बिस्कुट न् छपराच्या मधली फट भरायला हाय. जाड थर झाला की त्योच आडवा येतोय."

मग त्यांनी मशीन सुरू केलं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात आतल्या तापमानाचा आकडा आणून ठेवला. बबिता आकड्याकडं बघत राहिली. दिनकररावांनी सांगितलं ते तिनं नीट ऐकलं. रिकामं बसलं असताना चाळीस-पन्नास. काम करताना सत्तर-ऐंशी, घाबरायचं कारण नाही. पंच्याऐंशीच्या पुढं लक्ष ठेवायचं. नव्वदच्या वर ते स्वतःच हळू काम करायला लागतं, आणि शंभराच्या आसपास गेलं की जळू नये म्हणून बंद होतं.

"म्हंजे ते बिघडलं नव्हतं?" बबितानं विचारलं.

"जीव वाचवायलंतं."

"अन् खोलीच गरम असली तर?"

"मग आकडा तेवढाच वर चढणार. पंखा खोलीतलीच हवा मारतोय, बाई, महाबळेश्वरची न्हाई." त्यांनी पाण्यावर चालणारा, नळ्यांचा एक महागडा कूलर दाखवला. बबलूच्या डोळ्यांत चमक आली. बबिता म्हणाली, "पाण्याचा कूलर आमी लावून बघितलाय," आणि डबा चादरीत गुंडाळला. तो कूलर वेगळा असतो हे तिला कळलं होतं. तिला फक्त निघायचं होतं.

घरी आल्यावर तिनं सासऱ्यांपुढं लोकरीची गादी ठेवली.

धोंडीबांनी ती बोटांनी चाचपली. "चांगली बसलीय की," ते म्हणाले. "कुणी बसवली?"

"मशीननं. मामा, कातरायचं तेवढं चिंचेखाली न्या. हितं खिडकीतून आत येतंय सगळं."

धोंडीबांनी गादी खाली ठेवली. त्यांच्या बापापासून त्याच जागी कातरत आले होते. मग त्यांनी विचारलं, "मशीन मेलं असतं का?"

"एखाद्या दिवशी गेलं असतं."

"मुकं हाय त्ये, सांगणार कसं," ते म्हणाले आणि उठून कात्री, तरट आणि दावी चिंचेखाली नेऊन ठेवली.

बबितानं डबा भिंतीपासून पुढं ओढला, जमिनीवरून उचलून पत्र्याच्या पेटीवर ठेवला, काढलेला पत्रा परत लावला. उन्हं चढायच्या आत, पहाटेच्या गारव्यात तिनं फिल्म काढायला लावली. आकडा सत्तरीत गेला. वरमाला जवळ यायला लागली तसे घरातले सगळे एकेक करून खोलीत आले. भागुबाई पदर सावरून बसल्या.

"आता किती?" धोंडीबांनी दारातून विचारलं, घरात कुणाला ताप आल्यासारखं.

"एक्क्याऐंशी."

पाकळ्या पडायला लागल्या.

"आता?"

"शहाऐंशी."

पंखा मोठ्यानं फिरत होता. सत्त्याऐंशी झालं, परत शहाऐंशी झालं. वरमाला संपली, पंगत लागली, आकडा उतरला. पंगतीतल्या माणसांनी मशीनला कधीच त्रास दिला नाही. भागुबाई उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. बबिताला तेव्हा कळलं की आपण इतका वेळ खुर्चीच्या काठावर बसलो होतो.

धोंड्याच्या दिवशी दत्तरावांनी बबिताला आग्रहानं वालूरला बोलावलं. जावयाला चांदीच्या ताटात पुरणाचे धोंडे वाढले होते. तो खाऊन बैठकीत टेकला आणि मंगलाष्टकांच्या आधीच झोपला. दत्तरावांची आई, सरजाबाई, टीव्हीच्या अगदी जवळ खुर्चीवर, काठी गुडघ्यात धरून बसल्या होत्या. वरमाला आली. पाकळ्या पडल्या. दत्तराव सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते.

सरजाबाई पुढं वाकल्या. मग म्हणाल्या, "फुलं लय पडायलीत रे. माझी पोरगी दिसंना."

दत्तराव बबिताकडं बघायला लागले, जणू पाकळ्यांची कल्पना तिची होती. बबितानं ते चालू दिलं.

"आजी, बिगर फुलांची बी करून देते," ती म्हणाली. "दोन दिवसांत आणते."

तिनं पाकळ्या काढल्या. या वेळी आकडा सत्तरीच्या वर गेलाच नाही आणि कुणी बघायलाही आलं नाही. पेनड्राइव्ह घेऊन ती एकटीच बसनं वालूरला गेली. दत्तराव शेतात होते. सरजाबाईंनी तिला शेजारी बसवलं आणि वरमाला लावायला सांगितली.

मोकळ्या आभाळाखाली प्रियांका मान वर करून उभी होती. हार गळ्यात पडल्यावर तिनं एकदा गर्दीत कुणाला तरी शोधल्यासारखं पाहिलं होतं. पहिल्या फिल्ममध्ये तिचं ते बघणं पाकळ्यांखाली गेलं होतं. बबितालाही ते तेव्हा दिसलं नव्हतं.

"थांबव," सरजाबाई म्हणाल्या.

बबितानं थांबवलं. म्हातारी हळूच उठली, काठी टेकत टीव्हीपाशी गेली, काचेवरून नातीच्या तोंडावर हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

"जेवूनच जा," मग ती बबिताला म्हणाली. "पुरण हाय अजून."