बाहेर जाण्याची परवानगी

त्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पोरं पाणी पीत नव्हती.

मुलचेऱ्याच्या बाजूचं गाव होतं ते. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि नव्या जिल्ह्यात शिक्षक कमी पडत होते, म्हणून माझ्यासारखी ब्रह्मपुरीची पोरगी तिकडे जाऊन पडली. शाळेला दोन खोल्या, पुढं कौलारू वऱ्हांडा आणि अंगणात हातपंप. मार्च लागला की ऊन असं तापायचं की पंपाच्या दांड्याला हात लावला तर चटका बसायचा. वऱ्हांड्यात भरलेला रांजण असायचा. पोरं त्याच्या बाजूनं सुकल्या ओठांनी जायची, पण ग्लासाला हात लावायची नाहीत.

चौथीतल्या एका मुलीला मी विचारलं, "तहान नाई लागत का तुले?"

"लागते ना बाई. पण पाणी पेलं का मंग बाहीर जा लागते. गुरुजी जाऊ देत नाई."

गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांचा नियम होता की प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत कोणी वर्गाबाहेर जायचं नाही. करंगळी वर केली तर आधी उलट पाढा म्हणायचा, तो आला तर जायचं. एकोणीसचा उलट पाढा पोट आवळून म्हणणारी पोरं मी पाहिली आहेत. कोणी टाच खाली दाबून बसायचं, कोणी मांडी घालून पुढंमागं हलायचं, आणि हललं की पाठीवर छडी. "अंगात किडे हायत का?" असं गुरुजी विचारायचे.

गुरुजी वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. नदीनाल्याला पूर असतानाही ते शाळा चुकवत नसत. गावातल्या कितीतरी पोरांना त्यांनी हिशेब शिकवला होता. गाव त्यांना मानत होतं. छडीचाही गावाला राग नव्हता; "हाडं आमची, मास तुमचं" असं बाप लोक येऊन सांगून जायचे. माझा जीव मात्र आत तडफडत होता. मी त्यांना एकदा म्हटलं, "गुरुजी, लहान लेकरं आहेत. लागली की जाऊ द्यावं."

ते हसले. "तुमी नव्या आहात बाई. पोरायले एकदा सूट देल्ली का मंग आवरत नाई. शरीरावर ताबा आला का मनावर येते."

शरीरावर ताबा. मी ब्रह्मपुरीला शिकले तेव्हा माझी आई मला घरूनच पोटभर पाणी पाजून पाठवायची, कारण आमच्या वस्तीतल्या पोरांना शाळेच्या माठाला हात लावता येत नव्हता. कोणीतरी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचं, आणि ओतणारा मनात येईल तेव्हा यायचा. आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण माठाला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे लेकराच्या तहानेला आणि लघवीला कोणी शिस्तीचं नाव दिलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते. आजही उठते.

आमच्या शाळेत जवळच्या बंगाली वस्तीतली काही पोरं यायची. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं तिथं जमिनी दिल्या होत्या. त्यांच्या वस्तीच्या शाळेला शिक्षकच मिळाला नव्हता, म्हणून धानाच्या बांध्यांमधून चालत ती आमच्याकडे येत. त्यांच्यात दुसरीतली एक मुलगी होती. बारीक अंगाची, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, आणि हाक मारली की आधी इकडंतिकडं बघणारी. मराठी तिला कळायला लागली होती, पण बोलताना शब्द सापडत नव्हते.

रोज सकाळी गुरुजी दुसरी ते चौथी एका खोलीत बसवून पाढे घ्यायचे. पहिलीची पोरं घेऊन मी वऱ्हांड्यात असायची. एक दिवस आतून ती मुलगी उठून काहीतरी म्हणाली ते मला ऐकू आलं.

"बाइरे जामु."

बाहेर जाते, इतकाच त्याचा अर्थ. बंगाली न येणाऱ्यालाही कळावा असा. गुरुजी म्हणाले, "मराठीत सांग."

तिनं इकडंतिकडं बघितलं.

"मराठीत सांग, मंग जा. इथी मराठी शाळा आहे."

पोरं हसली. ती पुन्हा तेच म्हणाली, आवाज आणखी बारीक करून. गुरुजींनी तिला बसवलं आणि पाढे पुढं चालू केले. थोड्या वेळानं खोलीत एकदम मोठा हशा झाला. मी उठून दारात गेले. पोरांच्या बसायची टाटपट्टी ओली झाली होती आणि तिच्या आजूबाजूची पोरं सरकून लांब झाली होती. ती तशीच मधोमध बसून होती.

गुरुजींनी तिला टाटपट्टी उचलायला लावली. ती पट्टी तिच्या उंचीच्या कितीतरी पट लांब होती. तिनं ती ओढत हातपंपापर्यंत नेली आणि सगळा वर्ग दारात उभा करून गुरुजींनी तिला ती धुवायला सांगितली. ती दांड्याला लोंबकळत होती, तरी पंपाला पाणी येत नव्हतं.

मी जाऊन दांडा धरला. "मी धुते गुरुजी. तिला घरी पाठवा."

"तिनंच धुवाचं. नाई तं उद्या सारेच करतील."

"कोणी हौसेनं करत नाही हे," मी म्हटलं, आणि टाटपट्टी माझ्याकडे ओढून घेतली. गुरुजी पोरांना घेऊन आत गेले. पोरांसमोर बाईमाणसाशी हुज्जत घालणं त्यांना शोभलं नसतं. पण शाळा सुटेपर्यंत पोरांनी त्या मुलीला 'मुतरी' नाव देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवडा गेला तरी नाही. गुरुजी म्हणाले, "हे लोक असेच. शिकाची आवड नाई." तेव्हा मी शाळा सुटल्यावर तिच्या वस्तीवर गेले.

तिची आई अंगणात जाळं विणत बसली होती. मी आल्याचं पाहून मुलगी घरात पळाली. आईला वाटत होतं लेक आजारी आहे. पोट दुखतं म्हणून ती रोज पडून राहत होती. शाळेत काय झालं हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. मी मोडक्या हिंदीत सांगितलं. आईनं जाळं खाली ठेवलं. आधी ती लेकीवरच चिडून आत गेली, पण मारायला उचललेला हात तसाच राहिला. मग बाहेर आली आणि मला म्हणाली, "बच्चा को पेशाब लगा. उसमें भाषा का क्या काम, दीदीमणि?"

मी तिला एवढंच म्हटलं की उद्यापासून तुझ्या मुलीला कोणाला विचारावं लागणार नाही.

बोलून तर बसले. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितलं की पहिलीबरोबर दुसरीही माझ्याकडे द्या. पाढे मी घेईन. त्यांनाही त्या वर्गाची कटकट नकोच होती. दोन्ही वर्ग मी दुसऱ्या खोलीत बसवले आणि नाल्यातले दोन गुळगुळीत दगड आणून तिच्या खिडकीत ठेवले, एक पोरींसाठी, एक पोरांसाठी. लागली की दगड उचलायचा, जाऊन यायचं, दगड जागेवर ठेवायचा. विचारायचं नाही. दगड जागेवर नसेल तर थांबायचं, कारण कोणीतरी गेलेलं आहे.

पहिले दिवस नुसती जत्रा होती. ज्याला लागली नाही तोही दगड घेऊन फिरून यायचा. एक जण तर बोरं खाऊन आला. गुरुजी त्यांच्या दारातून बघायचे आणि मिशीत हसायचे. मला रडू यायचं बाकी होतं. पण हळूहळू त्यातली मजा संपली. बाहेर जाण्यात काही जिंकायचं राहिलं नाही, तेव्हा पोरं लागेल तेव्हाच जाऊ लागली. कोणी फार उशीर लावला की दुसरेच त्याला सुनवायचे, "दुसऱ्यायले नाई लागत का?" मग एक दिवस मला दिसलं की रांजणाजवळ रांग लागली आहे. ती रांग बघताना मला जे वाटलं ते मी कोणाला सांगू शकले नाही.

ती मुलगी परत आली होती. चिडवणाऱ्या पोरांना मी मारलं नाही. मधल्या सुट्टीत एकेकाला जवळ घेऊन विचारलं, तुझी कधी चड्डी ओली झाली होती का? सगळ्यांचीच झाली होती. काही दिवसांनी तिची आई आणि गावातल्या दोन बाया बांबू घेऊन आल्या आणि शाळेमागं पोरींसाठी तट्ट्याचा आडोसा उभा करून गेल्या.

मग तपासणीसाठी साहेब आले. ते माझ्या वर्गात पोरांना प्रश्न विचारत असताना एक पोरगा उठला, खिडकीतला दगड घेतला आणि निघून गेला.

"हा कुठे चालला न विचारता?"

गुरुजी म्हणाले, "बाईची नवी शिस्त आहे साहेब."

मी समजावून सांगितलं. साहेबांना ऐकायचं नव्हतं. वर्ग आहे की धर्मशाळा, असं ते पोरांसमोर म्हणाले. अधिकारी बोलत असताना पोर उठून जातं, उद्या ही पोरं कोणाला मान देतील, असंही म्हणाले. पोरं खाली मान घालून बसली. ती दुसरीतली मुलगी पुन्हा इकडंतिकडं बघायला लागली, आणि मग मला राहवलं नाही.

"साहेब, चहाच्या आधी तुम्ही शाळेमागं जाऊन आलात. तुम्ही कोणाला विचारलं होतं?"

वर्गात कोणी हसलं नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते वर्गाबाहेर गेले आणि माझ्याबद्दल 'वर्गावर नियंत्रण नाही, वरिष्ठांशी उद्धट वर्तन' असा शेरा देऊन गेले.

पुढच्या सत्रात माझी बदली झाली, जिथं बसही रोज जात नव्हती अशा गावी. निघायच्या दिवशी गुरुजी बसपर्यंत आले, माझी पेटी त्यांनी स्वतः वर चढवली. म्हणाले, "बाई, तुमचं चुकलं नव्हतं. पोरं सुधारली, मी पायलं ना. पण साहेबासमोर तसं बोलाले नाई पायजे होतं."

"मग तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. "तुम्ही पाहिलं होतं तर त्यांना का नाही सांगितलं?"

त्यांनी खांद्यावरचा पंचा नीट केला. "मले रिटायर व्हाले थोडेच दिवस रायले," ते म्हणाले.

लोक मला म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता राग कशाला. त्या माणसाला कळत नव्हतं तोवर मी त्याला माफ करू शकत होते. त्याला कळलं होतं. त्यानं पोरं पाणी पिताना पाहिली होती, आणि तरी साहेबांसमोर उभा राहून त्यानं ती शिस्त माझी चूक म्हणून दाखवली. माझ्या जागी आलेल्या शिक्षकानं दुसरीचा वर्ग पुन्हा गुरुजींच्या पाढ्यांना बसवला, असं पुढं मुलचेऱ्याच्या बाजारात भेटलेल्या एका बाईनं सांगितलं. बंगाली वस्तीतल्या पोरी त्यानंतर शाळेत आल्या का, हे तिला माहीत नव्हतं.