चंदेरी रंगाचे दोन हात

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं आहे. बाबांनी तसं बजावलं होतं आणि मी मान हलवली होती. पण मान हलवणं म्हणजे वचन देणं नव्हे, हे तुम्हीही मान्य कराल. शिवाय मी सांगत कुठे आहे? चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी फक्त लिहिते आहे. तेव्हा बसा, चहा घ्या आणि मी केलेला घोटाळा ऐका. एवढंच करा, हे भागामावशीच्या कानावर जाऊ देऊ नका. का, ते पुढे कळेलच.

झालं असं, की आमच्या सोनिवलीच्या बुद्धविहाराला सोलरच्या दोन काचा मिळाल्या. एका संस्थेने दिल्या. उन्हात ठेवायच्या, खाली बॅटरी भरायची, आणि वीज गेली की त्यावर दोन ट्यूबलाइट लावायच्या. आमच्याकडे संध्याकाळी वीज जायची ती आठवड्यातून सात दिवस. त्या वर्षी मी दहावीत जाणार होते, आणि माझ्यासारखी आणखी अकरा मुलं होती. विहारात बसून अभ्यास करता येईल, म्हणून सगळी वस्ती खूश.

पण एक अट होती. रविवारी संस्थेचे साहेब येऊन तपासणार. काम पास झालं तर काचा आमच्या. नापास झालं तर त्याच दिवशी काढून पुढच्या गावाला. पुढच्या गावाने म्हणे टेम्पोसुद्धा ठरवून ठेवला होता!

काचा बसवायचं काम बाबांकडे आलं. बाबा अंबरनाथला कारखान्यात वायरमन आहेत. वस्तीत कुणाचा पंखा बंद पडला तरी आधी बाबांना हाक मारतात, मग बटण दाबून बघतात.

बाबांनी विहाराच्या गच्चीवर लोखंडी पट्ट्या ठोकल्या, त्यावर काचा बसवल्या. पट्ट्यांना द्यायला चंदेरी रंग आणला उल्हासनगरहून. मी बरोबर होते. दुकानदार सिंधी काका डबा आपटून म्हणाले, "साईं, ये रंग एक बार लगाओ, फिर लोहे के अंदर पानी नहीं जाएगा, हवा नहीं जाएगी, करंट भी नहीं जाएगा!"

बाबा हसले. मी दुकानात कधी हसत नाही. मी ते वाक्य फक्त ऐकलं. नीट ऐकलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

आता अर्थिंगचं सांगते, थोडक्यात. वीज पडली किंवा करंट चुकून कुठे उतरला, तर तो माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा, म्हणून प्रत्येक काचेच्या फ्रेमला आणि प्रत्येक पट्टीला तांब्याची वायर जोडतात. ती वायर खाली एका खड्ड्यात नेतात. खड्ड्यात मीठ, कोळसा आणि पाणी. खड्डा ओला राहिला पाहिजे. झालं अर्थिंग.

बाबांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. सकाळी काम करून ते कारखान्यात जायचे. शनिवारी दुपारी मी झाडू घेऊन गच्चीवर गेले, आणि बघते तर काय? जिथे जिथे वायर जोडली होती, तिथे नटाच्या कडेने रंग खरवडलेला! एक नट मी पान्याने सैल केला. खाली रुपयाएवढा भाग कानशीने घासून उघडा पाडलेला. दुसरा नट, तेच. आठच्या आठ जागा तशाच.

बाबांचा हात घसरला असणार. पाळ्या करून माणूस थकतो हो! आणि उद्या साहेब येऊन हे बघणार, सगळ्यांसमोर बाबांना बोलणार.

मी कुणाला काही बोलले नाही. मी बोलत नाहीच. रंगाचा डबा आणला, आठही नट काढले, घासलेल्या जागा रंगवल्या. वायरची टोकं रंगवली. वायसर दोन्ही बाजूंनी रंगवले. वाळू दिले. पुन्हा दुसरा हात दिला. मग सगळं होतं तसं आवळून ठेवलं. चंदेरी रंग आणि उघडं लोखंड, दोन हात अंतरावरून फरक कळत नव्हता. चित्रकलेच्या बाई नेहमी म्हणायच्या, हिचं काम सावकाश पण स्वच्छ. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

रविवारी सकाळी साहेब आले. त्यांच्याकडे हँडल असलेली एक पेटी होती. एक वायर वर काचेच्या फ्रेमला लावायची, दोन जमिनीत ठोकलेल्या सळयांना, आणि हँडल गरगर फिरवायचं. पेटीतला काटा लाल रेघेच्या खाली आला की पास.

साहेबांनी हँडल फिरवलं. काटा वरच.

पुन्हा फिरवलं. काटा वरच.

"खड्डा सुकलाय," साहेब घाम पुसत म्हणाले. "मे महिना आहे. पाणी घाला भरपूर. मोरिवलीत माझं काम आहे, ते उरकून चार वाजता येतो. तेव्हा नाही झालं, तर माझा नाइलाज आहे."

साहेब गेले आणि भागामावशीने पदर खोचला. भागामावशी म्हणजे आमची शेजारीण. तिचा आवाज वस्तीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी पोचतो.

"बघता काय गो बायांनो? हंडे काढा!"

तुम्हाला कल्पना नसेल, आमच्याकडे मे महिन्यात नळाला दिवसातून अर्धा तास पाणी. आदल्या दिवशी भरलेलं प्यायचं पाणी बायांनी त्या खड्ड्यात ओतलं! मग मीठ. आधी पाच किलो आणलं, मग दहा. मीठवाल्याने विचारलं, "एवढं मीठ? काय लोणचं घालताय का विहाराचं?" मग कोळसा. एकाने तर इस्त्रीतला आणला, अजून गरम. खड्ड्यातून वाफ आली. एक म्हैस येऊन आशेने बघून गेली.

बाबा मात्र चक्रावले होते. ते भागामावशीला म्हणाले, "वरचं काम तर पक्कं आहे. रंगातून करंट जात नाही, म्हणून आठही जागा मी कानशीने घासून उघड्या केल्यात. चकाचक."

माझ्या हातात तेव्हा कळशी होती. ती तशीच राहिली.

रंगातून करंट जात नाही. हे मला कुणीतरी आधीही सांगितलं होतं. डबा आपटून सांगितलं होतं!

"बाबा," मी म्हणाले.

"कळशी ओत आधी."

मी ओतली. "बाबा, ते वर ना..."

"मित्रे, तुझं काय मधेच?" भागामावशी म्हणाली. "जा, आणखी एक घेऊन ये. पोरगी वर्षात एकदा बोलते, ती नेमकी आज!"

आजूबाजूला चाळीस माणसं. चाळीस माणसांसमोर मी काय सांगणार? मी आणखी एक कळशी आणली. मग आणखी एक. आमच्या घरातलं पाणीही संपलं. मुकाट्याने पाणी ओतत राहणं, यालाच तेव्हा मी प्रायश्चित्त समजत होते.

चार वाजता साहेब आले. खड्ड्याचं तळं झालं होतं. हँडल फिरवलं. काटा वरच!

साहेबांनी पेटी बंद केली. "काढा काचा," ते हळूच म्हणाले. पुढच्या गावचा टेम्पो वळून उभा राहिलाच. आमची अकरा मुलं ओळीने कट्ट्यावर बसलेली. भागामावशीने खोचलेला पदर सोडला! आणि बाबा शिडी चढत होते, पाना घ्यायचं विसरून.

मी पाना घेतला आणि मागोमाग चढले. वर आम्ही दोघंच.

"बाबा, त्या जागा मी रंगवल्या."

"कुठल्या?"

"आठही. नटांच्या खालून. वायसरसुद्धा. दोन हात दिले."

बाबांनी माझ्या हातातला पाना घेतला. मग त्यांनी एक नट काढला. खाली गुळगुळीत, एकसारखा, चंदेरी रंग.

"का गं?"

"तुमचा हात घसरला असं वाटलं. साहेब ओरडले असते."

बाबांनी खिशातून कानस काढली. बराच वेळ फक्त करकर, करकर. खाली सगळ्यांना वाटलं, काचा सुटतायत. काही बाया डोळे पुसत होत्या म्हणे.

मग बाबांनी वरून हाक दिली, "साहेब, एकदाच बघा. आता पाणी मुरलं असेल."

साहेबांनी नाइलाजाने हँडल फिरवलं. काटा असा धाडकन खाली आला, की त्यांनी पेटीवर टिचकी मारून पाहिली. "एवढं चांगलं अर्थिंग आमच्या ऑफिसलाही नाही हो!"

नसणारच. ऑफिसच्या खड्ड्यात एवढं मीठ कोण घालतं?

टेम्पो रिकामा गेला. भागामावशी आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "शेवटचा हंडा माझा होता. तो पडला नि काटा खाली!" एका कार्यक्रमात त्यासाठी तिला शाल दिली. टाळ्या सर्वांत जास्त मी वाजवल्या.

बाबा मला रागावले नाहीत. उतरताना दोनच गोष्टी म्हणाले. हे कुणाला सांगायचं नाही. आणि मला विचारल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही.

पहिली गोष्ट आज मोडली. दुसरी मात्र मी कसोशीने पाळते. काल विहाराचं फाटक रंगवलं, पण ते बाबांना विचारूनच. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतंच. घासलेली एकही जागा मी रंगवली नाही. फक्त ते कुलूप फारच गंजलेलं दिसत होतं, म्हणून मी बारीक ब्रश घेऊन त्याच्या अगदी आतपर्यंत...

"मित्रे! गो मित्रे! फाटकाच्या कुलपात किल्ली का जात नाय गो? पोरं बाहेर उभी हायत!"

आले, मावशी! तर कुलपाचं काय झालं, मी त्याला फक्त दोन हात...