दोर धरणारा हात

जिंतूरकडच्या एका गावातली ती विहीर मी अजून विसरलेलो नाही. दुष्काळाचं साल होतं. मी नवाच फौजदार झालो होतो आणि स्वतःच्या अकलेवर माझा जरा जास्तच भरवसा होता.

पोलीस पाटलाचा निरोप आला. विहिरीचं खोदकाम संपवून संध्याकाळी एका तरुणाला वर घेताना त्याच्या चुलतभावाने दोर सोडला. तरुण जागीच गेला. दोघांचं बांधावरून भांडण होतं. मयताच्या बापाने फिर्याद दिली, पुतण्याने मुद्दाम मारलं.

पुतण्या अंगाने दांडगा. दोन दिवस कोठडीत एकच सांगत राहिला, "हात उघडला, साहेब. म्या सोडला न्हाई."

मी मयताच्या वजनाचं वाळूचं पोतं ठाण्याच्या विहिरीत सोडलं आणि त्याला ओढायला लावलं. त्याने ते सहज वर काढलं. आपण स्वतःच्याच विरुद्ध पुरावा देतोय, हे बिचाऱ्याला कळलंही नाही. मी खुनाचे कागद करायला सांगितले.

जुने जमादार म्हणाले, "साहेब, गडी दोन दिवस बसून हाय. त्या दिशी सकाळपासून दगडं वढत व्हता. तसं वढून बघा की."

मला राग आला, पण बोलणं खोडता येईना. दुसऱ्या दिवशी गावातल्या त्या विहिरीवर, पंचांसमोर, आमचा सर्वांत तगडा शिपाई सकाळपासून दगडांच्या पाट्या ओढत राहिला. संध्याकाळी दोराला पोतं बांधलं. ते निम्म्यावर येताच शिपायाची बोटं आपोआप उलगडली आणि पोतं तळाशी आदळलं. नंतर त्याला चहाची कपबशीही धरवेना.

मयताचा बाप हे बघत होता. मी विचारलं, "माणूस वर घेताना दोराला दोघं लागतात ना? दुसरा कोण होता?"

"मीच असतो, साहेब. त्या दिशी बाजारला गेलतो." तो म्हणाला. "मीच पुतन्याला म्हनलो, तू लय दांडगा हायेस, एकट्यानं घे त्याला."

फिर्यादीत हे नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

अपघाती मृत्यूची नोंद झाली. ताकद बघून मी एका माणसाला फासाच्या वाटेला लावणार होतो, याची लाज आजही वाटते. त्यानंतर कुणावर ठपका ठेवण्याआधी तो दिवसभर काय करत होता, हे मी आधी विचारू लागलो.

पुतण्याला न्यायला मयताचा बापच आला. पोरगा पायांवर वाकला, तसे चुलत्याने त्याचे दोन्ही हात धरले. "चल," म्हणाला, "तुजी चुलती जेवायची थांबलीय."