मिऱ्याऐवजी पिंपळी

माजलगावच्या अलीकडे एसटीचं टायर बसलं आणि उरलेला कोसभर रस्ता चालावा लागला. मला घाई नव्हतीच. एका हाताला धरणाचं पाणी, दुसऱ्या हाताला ऊस. दुष्काळाच्या साली याच धरणाच्या तळाला भेगा होत्या, आणि मी इथल्या गावात बायकांच्या मसाला सहकारी संस्थेवर देखरेखीला होतो.

गॅरेजवर सुगराआपांचं घर विचारलं.

"आपा का?" मेकॅनिक पान्हा पुसत म्हणाला. "लई फटकळ हाय. वळखीचे का?"

"जुन्या ओळखीचा."

"मंग जपून. जुन्यांनाच जास्त बोलती."

आपांनी मला लगेच ओळखलं. "बसा साहेब." कोऱ्या चहात गूळ आणि कुटलेली पिंपळी होती. पिंपळी म्हणजे मिऱ्याची लांबट, खरबरीत बहीण. मिरं जिभेवर चटकन लागतं; ही घशात उतरल्यावर तापते आणि जीभ बधिर करते. मग भाकरी आणि येसरची आमटी (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची). तिच्यातही पिंपळी होती, बेताची.

"एवढीच लागती," आपा म्हणाल्या. "तवाबी सांगितलं होतं."

सांगितलं होतं, खरंच. त्या साली चारा छावणीत गुरांसोबत राहणाऱ्यांसाठी संस्थेनं येसर करायला घेतलं. मसाला आपांच्या हातचा. मिरे आणायला मी परळीला गेलो. ते मिळाले नाहीत, म्हणून पिंपळी आणली. आपा म्हणाल्या, ही निम्मीच घालायची, भाजून, कुटून, चाळून. मी म्हणालो, मापाला माप घाला, चाळत बसू नका.

छावणीत लोकांची तोंडं बधिर झाली. पिठात काळे तुकडे निघाले. उंदराच्या लेंड्या, कुणीतरी म्हणालं. बैठकीत एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. पिंपळीचाच, मी ओळखला; तरी म्हणालो, "तपासावं लागेल." पीठ खड्ड्यात पुरलं, तेही दुष्काळात. आपांना संस्थेतून काढलं. बायका त्यांच्या घरचं पाणी प्यायलाही कचरू लागल्या.

हे सगळं अडखळत बोललो, माफी मागितली. आपांनी ताट उचललं.

"मला कावून सांगता? मला ठावं हाय. कांडपावर बायका बसल्यात, तितं सांगा."

खरं लिहितो, मला ते नको होतं. घरातच माफी मागून संध्याकाळची गाडी धरायची, असं ठरवून आलो होतो.

संस्थेच्या कांडपाच्या खोलीत सात-आठ जणी धने निवडत होत्या. आपा उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मी उभ्यानं सगळं सांगितलं. मग सूप खाली ठेवून एक काकू म्हणाल्या, "तवा कावून गप बसलात? नोकरी जात होती व्हय?"

"नाही. चारचौघांत चूक माझी म्हणायची लाज वाटली."

"निस्ती लाज?" काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं. "आपा, आत या की. यंदाचं येसर कडसर लागतंय. चाखता का जरा?"

आपा हलल्या नाहीत. "बैठकीत काढलं होतं. बैठकीतच बोलवा."

काकूंनी मान डोलावली. दुसऱ्या दोघी मात्र धन्यांवरून नजर वर न करता तशाच बसून राहिल्या.

फाट्यापर्यंत आपा सोबत आल्या. माफ केलं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. गाडी दिसल्यावर त्या म्हणाल्या, "त्या बैठकीला तुमीबी या. आज बोललात तसंच बोला, समदं लिहून घेतील."

बीडपर्यंत खिडकीशी बसून होतो. मन हलकं करायला निघालो होतो. ते काही झालं नाही. पण येतो म्हणालोय, आणि जाणार आहे.