कात्राबाईच्या खिंडीचा बेत

सासू गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही महिना उलटला, तरी मायाबाई पहाटे पाचला उठून पाणी तापवत होत्या. एकदा ते तसंच गार होऊ दिलं आणि शालनताईंना फोन लावला.

"जयभीम. शालन, आता मला कुणाला अंघोळ घालायची नसते. दिवसभर काय करू गं मी?"

शालनताई भालेराव अंबरनाथला शिवमंदिराच्या मागच्या बाजूला राहतात. साठी ओलांडलेली, तरी सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतात. मायाबाई आणि त्या उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात एका सिंधी सेठच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर बसायच्या. पाठीवर अडकवायच्या सॅक शिवायच्या. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, पण फोन चालू राहिला.

त्या दिवशी शालनताईंनी काही उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "नोव्हेंबरात पाच दिवस मोकळी ठेव. तुझं राहिलेलं जायचंय ना, ते उरकून टाकू."

कुठलं राहिलेलं, हे मायाबाईंना विचारायची गरज नव्हती.

गोष्ट शहाण्णव सालची. बदलापूरच्या एका गिर्यारोहण मंडळाने कारखान्यातून वीस सॅक करून घेतल्या होत्या. महिन्याभरात मंडळाचा म्होरक्या विनीत त्यातल्या तीन घेऊन परत आला. पट्टे उसवलेले.

"ताई, पहिल्याच चढाला शिलाई गेली."

"दगड भरता काय आत?" शालनताई फणकारल्या.

"नाही हो. विश्वास नसेल तर चला एकदा आमच्याबरोबर आणि डोळ्यांनी बघा."

सेठ हसला, मशीनवरच्या बाया हसल्या. शालनताईंना मात्र ते लागलं. घरी नवऱ्याला सांगितलं. शिवराम आनंदनगरच्या एमआयडीसीत फिटर होते, कामाची इज्जत जाणणारा माणूस. म्हणाले, "तुझ्या शिलाईवर बोट ठेवलंय ना? मग जाऊन बघ. पोरांचं मी करतो."

एकटी बाई कशी जाणार, म्हणून मायाबाईही तयार झाल्या. दोघींनी उरलेल्या हिरव्या कॅनव्हासच्या सॅक शिवल्या. निघायला दोन दिवस असताना मायाबाईंची सासू मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मायाबाई राहिल्या. शालनताई मंडळातल्या दोन मुलींच्या सोबतीने रतनगड, कात्राबाईची खिंड, हरिश्चंद्रगड असं पाच दिवस चालून आल्या. खांदे सोलवटून निघाले आणि पट्टा का उसवतो ते कळलं. सगळं ओझं खांद्यावर लोंबत होतं. आल्या आल्या त्यांनी सॅकला कंबरपट्टा जोडला. त्यानंतर मंडळाची एकही सॅक परत आली नाही.

मग पुढचे कित्येक दिवस मशीनच्या घरघरीत त्या मायाबाईंना सगळं सांगत राहिल्या. "पुढच्या वर्षी तुला नेते," असंही म्हणाल्या. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. सासू काठीवर आली, मग अंथरुणावर, आणि त्र्याण्णव वर्षांची होऊन गेली. इकडे शिवरामही गेले.

आता शालनताईंच्या घरी बेत आखायला त्यांची नात उन्नती बसली; मायाबाईही आल्या होत्या. ऑफिसला रविवारची सुट्टी होती. तिने मोबाइलवर नकाशा उघडला, पुढ्यात वही घेतली.

"आज्जी, खिंडीत पोचायच्या आधी पाणी कुठे मिळालं होतं तुम्हाला?"

शालनताईंनी डोळे मिटले. डोंगर दिसत होते, वारा आठवत होता, पण पाणी काही आठवेना.

"मोठ्या कातळाच्या खाली," स्वयंपाकघरातून मायाबाई म्हणाल्या. त्या चहा गाळत होत्या. "दोन उंबर आहेत, त्यातल्या लहान्याच्या बुडाशी झरा. तिथे तू बांगडी हरवलीस."

शालनताई बघतच राहिल्या. त्या स्वतः विसरून गेल्या होत्या. कधीच न गेलेल्या बाईने मात्र वाट जपून ठेवली होती.

शालनताईंनी दोन नव्या सॅक शिवल्या. त्यात पाच-पाच किलो तांदूळ भरून दोघी सकाळी मलंगगडाच्या दिशेने चालायला लागल्या. दुसऱ्याच आठवड्यात मायाबाईंचा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, चाला, पण उभ्या शिड्या नकोत.

"तू जा," मायाबाई म्हणाल्या. "माझ्या नशिबातच नाही ते."

"नशिबाला मध्ये आणू नकोस." शालनताईंनी वही ओढली आणि रतनगडावर आडवी रेघ मारली. "शिड्या तिथेच आहेत. तो माझा बघून झालाय. आपण थेट कुमशेतला जाऊ. तिथून खिंड करून परत. मग सावकाश पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड."

उन्नतीने कुमशेतला फोन करून तिथल्या चिमाबाईंच्या घरी उतरायचं ठरवलं. वाट दाखवायला चिमाबाई स्वतः येणार होत्या.

नोव्हेंबरात उन्नतीसह तिघी निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबाईंच्या मागे जंगलातून चढू लागल्या. जिथे तिथे थांबत, गूळ-शेंगदाणे खात, बाराच्या सुमाराला खिंडीत पोचल्या. पलीकडे डोंगरामागे डोंगर पसरले होते. मायाबाई दगडावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडू लागल्या.

"गुडघा?" उन्नती घाबरली.

"नाही गं पोरी. म्हातारी सारखी म्हणायची, माझ्यापायी तुझं डोंगरात जायचं राहिलं. मी म्हणायचे, काय ठेवलंय तिथे? नुसते दगड." त्यांनी नाक पुसलं. "खोटं बोलायचे मी. तिलाही ते कळत होतं."

शालनताई त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. ऊन कलायला लागलं तेव्हा चिमाबाईंनी उठवलं.

पुढचा बेतही चिमाबाईंच्या सोबतीने वहीत लिहिल्यासारखाच पार पडला. हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या झोपडीत मुक्काम झाला, थंडीने तिघी एका गोधडीत शिरल्या. पाचव्या दिवशी पाचनईला उतरताना शालनताईंच्या टाचेला फोड आला. त्या काठी टेकत मागून येत होत्या, आणि मायाबाई दोन वळणं पुढे, चिमाबाईंना भाताचं बियाणं कुठलं वापरता ते विचारत चालल्या होत्या.