बाबांची लेझीमची कॅसेट

बाबा गुजरातेत, गोडादऱ्यातल्या मराठी शाळेत पी.टी. शिकवायचे. मी अकरावीत असताना त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मुख्याध्यापकांचा निरोप आला, दिवाळीच्या सुट्टीनंतर मास्तर स्वतःच्या पायांनी मैदानापर्यंत आले तर त्यांची जागा त्यांचीच. मैदान आमच्याच गल्लीच्या टोकाला होतं.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात एखादी तालाची कॅसेट आहे का? तालावर पाय उचलतो कधी कधी."

एकच होती, शाळेच्या लेझीमच्या सरावाची. ढोल, आणि त्यावर बाबांचा आवाज: एक, दोन, तीन, चार.

टेप लावला आणि पाय खरंच उचलला गेला. भिंत धरून बाबा दारातून गल्लीत उतरले. शेजारच्या गुजराती मासी ओट्यावरून ओरडल्या, "जो तो खरी, मास्तर चाल्या!" बघा तरी, मास्तर चालले! कितीतरी दिवसांनी आई हसली.

सोळाव्या पावलाला टेपमधले बाबा कडाडले, "थांबा! कोण चुकलं? पुन्हा पहिल्यापासून!"

बाबा थांबले. हळूहळू वळले आणि दाराकडे परत निघाले.

मग रोज तसंच. सोळा पावलं, आणि परत. "थांबा"च्या आधी मी टेप बंद करून पाहिला, तर ते पुढच्या ठोक्याची वाट बघत तिथेच उभे राहिले.

"अगं, तू मोज ना पुढे," आई म्हणाली. "एवढं इंग्रजी शाळेत घातलंय, तोंड तरी उघड."

शाळेतही मी तोंड उघडत नसे, हे आईला माहीत नव्हतं. यंत्रमागावरची पाळी सुटली होती, गल्लीत माणसंच माणसं. खूप जोर केल्यावर माझ्या तोंडून निघालं, "वन, टू..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पाय हलला नाही. मी घाईघाईने "एक, दोन" म्हटलं, ते मलाच धड ऐकू आलं नाही.

"बेटा, जोरथी बोल!" मासी म्हणाल्या. मग उरलासुरला आवाजही गेला.

सुट्टी संपली त्या सकाळी मैदानावर ढोल वाजला. नवे सर आकडे म्हणत होते. खाटेवर बसल्या बसल्या बाबांचा उजवा पाय तालात हलू लागला. त्यांनी डाव्या हाताने गुडघा दाबून धरला, ढोल थांबेपर्यंत.